चढणीच्या वाटेवर गळ नको

मृग नक्षत्र चार दिवसांवर आले आहे. पहिला दमदार पाऊस पडून ओहोळ गढूळ वाहू लागले की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या नद्यांतले मासे धारेविरुद्ध निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात, तिथून थेट भाताच्या खाचरात. कोकणात यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याच्या बाजूला वलगणीचे. शिंगटी, शिवडे, मळ्ये पोटात गाभोळी घेऊन उथळ, ताज्या पाण्याकडे धावत असतात, कारण अंडी घालण्याचे त्यांचे दिवस हेच.

नेमक्या याच दिवसांत बंधाऱ्यांच्या पायथ्याशी आणि पुलांच्या कठड्यांवर गळ घेऊन माणसांची रांग लागते. पाग, कोयते, रात्रीच्या बत्त्या हेही असतेच. पण आज आम्हाला बोलायचे आहे ते हौसेने गळ टाकणाऱ्यांशी. रॉड आणि रीळ घेऊन शहरातून गाडीने येणारे असोत, की गावातच नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी तंगूस आणि गांडुळे घेऊन काठावर बसणारे असोत. ज्या कातकरी किंवा भोई कुटुंबाची चूल माशावर पेटते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि नदीतला मासा संपल्याची पहिली झळही त्यांनाच बसते. हौस दोन महिने थांबवता येते, भूक नाही. म्हणून हे सांगणे हौसेला आहे.

मासे कुठे गेले, असे काठावर विचारले तर उत्तर तयार असते. धरणांनी वाट अडवली, शहरांनी सांडपाणी सोडले, कारखान्यांनी मळी सोडली, वाळूवाल्यांनी तळ खरवडला. यातला शब्दन् शब्द खरा आहे. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. आणि सांडपाण्याची साक्ष खडस देतो, म्हणजे दख्खनचा महाशीर. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज शहरातून वाहणाऱ्या त्या पात्रात खडस जगेल अशी कल्पनाही करवत नाही. या नाशाला गळ कारणीभूत नाही आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण नदी भरलेली असताना गळाला लागलेला मासा आणि नदी रिती होत असताना लागलेला मासा यांचे मोल एक नसते. धरणाने आणि विषाने जे थोडे मासे शिल्लक ठेवले, त्यांतल्याच गाभोळीच्या माद्या जूनमध्ये वर निघतात. बंधाऱ्यापाशी त्या अडतात, उड्या मारतात, मागे पडतात आणि त्याच डोहात घोटाळत राहतात. मोकळ्या नदीत कोसभर पसरले असते ते मासे इथे एका जागी कोंडलेले सापडतात. ‘इथे हमखास लागतो’ म्हणून जी जागा मित्रांना सांगितली जाते, ती बहुधा अशीच असते. मासा आमिषाला तोंड लावत नसेल, तर तीन काट्यांचा गळ ओढून तो अंगात अडकवण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे लाखांनी अंडी असतात. खडसाच्या मादीत ती काही हजारच. अशी एक मादी काठावर आली की त्या डोहाचे पुढच्या कित्येक वर्षांचे देणे बुडते.

हे दुखणे नवे नाही. फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावर १८७३ मध्ये अहवाल दिला, त्यात विणीच्या माशांची आणि त्यांच्या पिल्लांची बेसुमार कत्तल सरकारपुढे मांडलेली आहे. पुढे १८९७ चा कायदा आला. त्याने स्फोटके आणि विष यांना मनाई केली. कोणत्या ऋतूत कोणता मासा मारू नये, हे ठरवणे मात्र प्रांतांच्या नियमांवर सोडले. समुद्रात आपण ही शिस्त बाणवून घेतली आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते कोळी बांधव ती झळ सोसतात. नदीकाठी, जिथे बहुतेकांचे पोट माशावर नाही, तिथे अशी सामूहिक सुटी पाळलेली दिसत नाही. श्रावणात मासे वर्ज्य करणारी घरे पुष्कळ आहेत, पण श्रावण येईपर्यंत चढण होऊन गेलेली असते.

‘आम्ही मासा धरतो आणि सोडून देतो’ असे सांगणारे आता वाढले आहेत. ही चांगली गोष्ट आहे, त्यांचे कौतुक करायला हवे. तरी सोडून देणे म्हणजे निर्दोष होणे नव्हे. कोरड्या हाताने धरले की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, फोटोसाठी उचलून धरलेला वेळ त्याच्या श्वासातून जातो. विणीच्या मादीला हा ताण कोणत्याही ऋतूपेक्षा जूनमध्ये भारी पडतो.

याहून मोठा धडा कावेरीने दिला आहे आणि त्यात महाराष्ट्राचा धागा आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून खडसाची पैदास केली. हेतू स्वच्छ होता, काम मोलाचे होते, आणि ती पिल्ले देशातल्या अनेक जलाशयांत व नद्यांत गेली. कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीला वशिंड असलेला, जगभरच्या गळवाल्यांना खुणावणारा. तिथल्या गलिबोरे शिबिरात धरून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की बाहेरून आलेला खडस वाढत गेला आणि वशिंडाच्या माशांची संख्या घटत गेली. जे मिळत, त्यांचे वजन मात्र वाढत गेले. पूर्वीपेक्षा मोठा मासा लागला, याचा काठावर आनंदच झाला असणार. प्रत्यक्षात जुने मासे तेवढे उरले होते आणि त्यांच्या मागे नवी पिढी येत नव्हती. २०१८ मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला.

या हकिकतीतून आम्ही दोन गोष्टी घेतो. मासा कुठला, कुठे सोडायचा, हा हौसेचा प्रश्न नाही. उजनी धरणात चिलापी या बाहेरून आलेल्या माशाने काय केले ते भीमाकाठच्या मच्छिमारांना विचारावे. आणि दुसरी अधिक महत्त्वाची. कावेरीच्या ऱ्हासाची साक्ष दिली ती त्याच गळवाल्यांच्या वह्यांनी. त्या लिहिल्या गेल्या नसत्या तर कोणाला काही कळले नसते. आपल्या वाशिष्ठी, सावित्री, नीरा, पंचगंगेकाठी वर्षानुवर्षे बसणाऱ्यांपाशी केवढे ज्ञान आहे! कुठल्या डोहात वाम असे, मरळ कधीपासून दिसेनाशी झाली, हे त्यांना तोंडपाठ असते. ते कुठेही लिहिलेले नाही.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे. दोन्हीकडे देवाचे म्हणून मासे राखले गेले आणि तिथे महाशीर आजही दिसतो. कायद्याची वाट न पाहता गावांनी ते केले. हौशी मासेमारांच्या गटांनाही ते करता येईल. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत गळ बाजूला ठेवावा. खडसाची वीण त्यापुढेही चालते, पण सुरुवातीला एवढे पाळले तरी चढणीचा मुख्य काळ सुटतो. एरवीच्या दिवसांची वही ठेवावी: मासा कोणता, लांबी किती, पोटात गाभोळी होती का. रिकाम्या हाताने परतलेला दिवसही लिहावा, कारण घट आधी तिथेच दिसते. वर्षाअखेरी ती वही जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्यावी.

आणखी एक काम फक्त हौशी मासेमारांनाच जमण्यासारखे आहे. डोहात ब्लीचिंग पावडर ओतणारे, बॅटरीने वीज सोडणारे, जिलेटिन फोडणारे अंधार पडल्यावर येतात, आणि त्या वेळी नदीवर असतात ते गळ टाकणारेच. गावात राहून एकट्याने तक्रार देणे किती अवघड जाते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून ती गटाने द्यावी, पोलिसांकडे द्यावी आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवावी. नावे न छापता, नदी आणि तारीख देऊन, ती याच पानावर छापली जाईल.