जपानचे नाव घेताना

मातृभाषा दिनाचा कार्यक्रम असो की शाळेचे स्नेहसंमेलन, पाहुण्याच्या भाषणात जपान आला नाही असे आमच्या नोकरीत क्वचितच घडले. "जपानकडे बघा! मायबोलीत शिकले आणि जगाच्या पुढे गेले!" टाळ्या पडतात. वक्ता मराठीचा असला तर यातून उर्दू शाळा नकोत असा अर्थ निघतो. उर्दूचा असला तर मराठीचा तास कमी करा असा निघतो. आणि इंग्रजी शाळेचे संस्थाचालक त्याच जपानचा दाखला देऊन पश्चिमेचे अनुकरण करा म्हणतात. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. टाळ्या आम्हीही वाजवल्या आहेत. पण आता स्पष्ट बोलायला हवे. या तिन्ही प्रकारच्या वक्त्यांनी जपानचे आधुनिक साहित्य कसे जन्माला आले हे पाहिलेलेच नाही, असा आमचा आरोप आहे.

पहिली गोष्ट, ती मायबोली तिथे तयार पडलेली नव्हती. १८६८ मध्ये मेइजी राजवट आली तेव्हा जपानात लिहायची भाषा एक होती आणि बोलायची दुसरी. सरकारी कागद आणि विद्वानांचे ग्रंथ चिनी वळणाच्या किंवा जुन्या व्याकरणाच्या भाषेत. बाजारातला माणूस तसे बोलत नसे. त्याआधीच, १८६६ मध्ये, माएजिमा हिसोका यांनी चिनी अक्षरे बंद करावीत असा अर्ज शोगुनकडे केला होता. मोरी आरिनोरी यांनी तर १८७३ च्या सुमारास जपानी भाषा बाजूला ठेवून इंग्रजीचा स्वीकार करावा, असा विचार मांडला. त्यांना उत्तर देणारे बाबा तात्सुइ तेव्हा विलायतेत शिकत होते. त्यांनी १८७३ मध्ये लंडनला जपानीचे व्याकरण छापले आणि प्रस्तावनेत बजावले की कारभार इंग्रजीत गेला तर खालचे वर्ग देशाच्या व्यवहारातून बाहेर फेकले जातील. गंमत अशी की बाबांना हे उत्तर इंग्रजीतच लिहावे लागले! आणि मोरी पुढे १८८५ मध्ये शिक्षणमंत्री झाले. एवढ्या भांडणातून आलेल्या देशाला आमचे वक्ते एका वाक्यात गुंडाळतात.

मग बोलीभाषा पुस्तकात आली कुठून? विद्यापीठातून नव्हे, किस्सेवाल्याकडून. सानयूतेइ एन्चो नावाचा कथेकरी गादीवर बसून, हातात पंखा घेऊन गोष्टी सांगे. जपानात लघुलिपी नुकतीच आली होती. १८८४ मध्ये दोन लघुलेखकांनी त्याची भुताची गोष्ट, 'बोतान दोरो', तोंडातून निघाली तशी उतरवून छापली. (गोष्टीचे मूळ चिनी, हेही ध्यानात असू द्यावे. शुद्धतेच्या भक्तांना सांगायला उपयोगी पडेल.) त्यानंतर दोनतीन वर्षांत फुताबातेइ शिमेइ हा रशियन शिकलेला तरुण कादंबरी लिहायला बसला आणि भाषेपाशी अडला. त्याने त्सुबोउची शोयो यांना विचारले. हे शोयो म्हणजे १८८५ मध्ये 'शोसेत्सु शिनझुइ' हा कादंबरीवरचा ग्रंथ छापायला घेणारे मोठे पंडित. त्यांचा सल्ला काय, तर एन्चो बोलतो तसे लिहून बघ.

'उकिगुमो'चा पहिला भाग १८८७ मध्ये निघाला, तोही शोयोंच्या नावाने, कारण नवख्याला कोण विचारतो? कादंबरी अपुरीच राहिली. नोकरी गेलेला एक कारकून, त्याची चुलती, आणि त्याच्याशी लग्न होईल असे गृहीत धरलेली चुलतबहीण, एवढाच पसारा. त्याच हाताने १८८८ मध्ये तुर्गेनेव्हचा अनुवाद केला. म्हणजे एक कान किस्सेवाल्याकडे आणि दुसरा रशियाकडे. याला नक्कल म्हणायचे की मायबोलीचा विजय? १९०९ मध्ये रशियाहून परतताना फुताबातेइ बोटीवरच वारला, आमच्या बंगालच्या उपसागरात.

अडचण फार बारीक होती. जपानी वाक्याच्या शेवटी क्रियापद येते आणि समोरचा मोठा की लहान हे तिथेच कळते. आपल्या तू, तुम, आपसारखेच, पण जास्त कडक. मग कादंबरीकाराने अनोळखी वाचकाशी कोणत्या नात्याने बोलावे? फुताबातेइने 'दा' घेतला, यामादा बिम्योने 'देसु', ओझाकी कोयोने पुढे 'दे आरु'. हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हता. वाचक आपल्या बरोबरीचा आहे की नाही हे ठरत होते.

बोलीत लिहिले म्हणजेच नवे, असेही नाही. हिगुची इचियोला तिच्या आईने अकराव्या वर्षी शाळेतून काढले, मुलीला जास्त तालीम नको म्हणून. (हे वाक्य पालकसभेत आम्ही किती वेळा ऐकले!) तिने जुन्या वळणाच्या भाषेत वेश्यावस्तीच्या कडेची मुले लिहिली आणि १८९६ मध्ये, चोवीस वर्षांची असताना, क्षयाने गेली.

आणि शिमाझाकी तोसोन. १९०६ ची 'हाकाइ'. तिचा नायक उशिमात्सु आमच्यासारखा शाळामास्तर आहे, पण जन्माने अस्पृश्य मानलेल्या जमातीचा. १८७१ च्या फर्मानाने तो भेद कागदावर मिटला होता. तरी कादंबरीच्या आरंभी त्याच जमातीच्या एका श्रीमंत माणसाला खानावळीतून हाकलतात आणि उशिमात्सु मुकाट्याने आपले बिऱ्हाड हलवतो. बापाने बजावलेले असते, जात कोणाला सांगू नकोस. शेवटी तो वर्गात मुलांपुढे गुडघे टेकून माफी मागतो. आम्हांला हे अजिबात पटत नाही. माफी त्याने का मागावी? पण घर भाड्याने घेताना नाव सांगायची वेळ आली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना हे पुस्तक परके वाटणार नाही.

आता या यशाची किंमत. तोक्योच्या बोलीची प्रमाणभाषा झाली आणि १९०४ पासून सरकारी क्रमिक पुस्तके देशभर गेली. ओकिनावात घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शाळा लाकडी पाटी अडकवीत असे. उत्तरेच्या ऐनू लोकांतल्या चिरी युकिए हिने आजीच्या तोंडची गाणी रोमन लिपीत लिहिली आणि समोर जपानी अनुवाद ठेवला. १९२२ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ती वारली, पुस्तक १९२३ मध्ये निघाले. आमच्या व्यासपीठांवर हे नाव आम्ही कधी ऐकले नाही.

त्याच १९२२ साली हैदराबाद संस्थानाचे शिक्षणप्रमुख सर रॉस मसूद जपानला गेले होते. तिथली शिक्षणपद्धती पाहून त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उभे होते, त्याला जपानचा भक्कम आधार मिळाला. आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण संस्थानातल्या बहुसंख्य मुलांच्या घरात तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. औरंगाबाद, बीड, नांदेडच्या शेतकऱ्याच्या पोराला 'आपली भाषा' म्हणून दिलेली भाषा त्याची नव्हती. हे मराठीवाल्यांनी म्हणण्याआधी उर्दूवाल्यांनी म्हणायला हवे होते.

आणि आमच्या मुलांची तरी कोणती? घरी दखनी, नाहीतर कोकणी, गल्लीत मराठी, पुस्तकात लखनौ-दिल्लीची उर्दू. "मेरेकू" लिहिले की आम्हीच लाल शाईने खोडतो. किती वर्षे खोडत आलो याचा हिशेब नाही. यंदा सातवीत निबंधाची एक वही वेगळी ठेवली आहे. तिच्यात घरी बोलतात तसे लिहायचे, लिपी कोणतीही. पहिल्या आठवड्यात चार मुलांनी लिहिले, बाकीच्यांनी विचारले, "सर, इसके मार्क कटेंगे क्या?"