गुरांचा जोन्स रोग व माणसाचा आतड्यांचा विकार

गाय नेहमीप्रमाणे वैरण खाते, अंगात ताप नसतो. तरी महिनोन् महिने ती पातळ हगते व तिचा सापळा होत जातो. कित्येकदा जबड्याखाली सूज येते. अशा वेळी जोन्स रोगाची शंका घ्यावी. १८९५ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे योने व फ्रॉदिंगहॅम या संशोधकांना अशाच एका गाईच्या जाड झालेल्या आतड्यात क्षयजंतूंसारखे जंतू आढळले. ते क्षयजंतूंचे भाऊबंदच होत.

माणसाचेही आतडे असेच जाड होते, हे ग्लासगोचे शल्यवैद्य डॅलझील यांनी १९१३ मध्ये नोंदविले व जोन्स रोगाशी असलेले त्याचे साम्य दाखविले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. तोच आज क्रोन रोग म्हणून ओळखला जातो. पुढे काही रुग्णांच्या आतड्यांतून गुरांतील हे जंतू मिळालेही. मग जंतुनाशक औषधांनी हा रोग बरा का होऊ नये? ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांवर क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन व क्लोफाझिमिन या तीन औषधांची दोन वर्षे परीक्षा झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार सोळा आठवड्यांपर्यंत गुण दिसला, पुढे मात्र टिकला नाही. म्हणून हे जंतूच क्रोन रोगाचे कारण, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. ते सर्वस्वी निर्दोष आहेत, असेही सिद्ध झालेले नाही. आपल्या देशात आतड्यांचा क्षय व क्रोन रोग यांतील भेद ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते. तेव्हा ऐकीव माहितीवरून घरातील रुग्णाचे औषध कोणी बदलू अथवा बंद करू नये.

प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे, वैद्य नव्हे. पण गोठ्याविषयी बोलण्यासाठी वैद्यांचा वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गुरांच्या या रोगावर व्यवहारात परवडणारे खात्रीचे औषध नाही. माणसाच्या उरलेल्या गोळ्या गाईस चारणे हा तर निव्वळ अपव्यय, आणि दुधात औषधाचा अंश उतरतो तो वेगळाच. परदेशात असे जनावर कत्तलखान्यात धाडतात. आपल्या राज्यात गाईच्या बाबतीत तो मार्ग कायद्याने बंद असल्याने ती आठवडी बाजारात जाते व दुसऱ्याच्या दावणीला रोग पोचतो. घेणाऱ्यालाही तो लवकर उमगत नाही, कारण लागण बहुधा वासरूपणी होते आणि लक्षणे दोन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. हा व्यवहार मला चोरीहून वेगळा वाटत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनी हगवणीचे जनावर विकू नये. ते वेगळे बांधून पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. त्याचे शेण वासरांच्या जागेत व पाण्यात जाऊ देऊ नये, कारण हे जंतू ओलसर जागी कित्येक महिने जगतात. गाय स्वच्छ जागी वेतू द्यावी, तिची कास धुवावी आणि रोगी गाईचा चीक वासरास पाजू नये, निरोगी गाईचा पाजावा. दूध उकळून पिण्याची आपली जुनी रीत या बाबतीतही हिताचीच आहे. पाश्चरीकरण केलेल्या दुधातही हे जंतू क्वचित जिवंत आढळले आहेत, तेव्हा पिशवीतील दूधही उकळूनच घ्यावे.