ध्यानगृह आणि कामाचे तास

सप्टेंबर २०२४ मध्ये एका तरुण सनदी लेखापाल स्त्रीचा मृत्यू कामाच्या असह्य बोजामुळे ओढवला, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि देशभर खळबळ उडाली. त्याच महिन्यात चेन्नईतील एका शिक्षणसंस्थेच्या समारंभात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या घटनेचा उल्लेख केला. ताण सोसण्याचे आंतरिक बळ ईश्वरनिष्ठेतून येते, कुटुंबाने आणि शिक्षणसंस्थांनी ते मुलांना शिकवावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. टीका झाल्यावर, मृत तरुणीला दोष देण्याचा हेतू नव्हता, असा खुलासा त्यांनी केला. हेतूचा प्रश्न बाजूला ठेवला तरी उपदेशाचा रोख लपत नाही. ताण जेथे निर्माण होतो तिकडे पाठ फिरवायची आणि जो तो सोसतो त्याच्या मनाकडे बोट दाखवायचे, हाच तो रोख आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून घोषित केला. तेव्हापासून या उपदेशाला आंतरराष्ट्रीय मोहोरही मिळाली आहे. अशा वेळी पक्षसभासदांनी या प्रश्नावर नेमकी भूमिका घेणे आवश्यक ठरते.

विज्ञान काय सांगते?

ध्यान म्हणजे निव्वळ थोतांड, असे म्हणून काही कार्यकर्ते मोकळे होतात. ही भूमिका भौतिकवादी नव्हे, आळशी आहे. शांत बसून श्वास संथ केला की हृदयाची गती मंदावते आणि स्नायू सैल पडतात, हा शरीराचा धर्म आहे. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी महर्षी महेश योगी यांच्या पद्धतीने ध्यान करणाऱ्यांवर प्रयोग केले व १९७५ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. गुरूने कानात सांगितलेल्या मंत्राची त्यासाठी मुळीच गरज नाही. कोणताही साधा शब्द मनात घोळवला तरी तोच परिणाम साधतो, असे त्यांनी दाखवले. ज्या मंत्रासाठी शुल्क आकारले जात होते त्याचे गूढ अशा रीतीने प्रयोगशाळेतच उकलले.

पण हा परिणाम किती मोठा? २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ४७ चाचण्यांचा, ३,५१५ व्यक्तींवरील निष्कर्षांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. चिंता, नैराश्य व वेदना यांत मर्यादित सुधारणा होते, याला त्यांना मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. ताण कमी होतो याचा पुरावा त्याहून दुबळा निघाला. व्यायाम किंवा औषधोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, असे तर कोठेच दिसले नाही. थोडक्यात, ध्यानाने काहींना थोडा आराम पडतो. ज्याला पडतो त्याने तो खुशाल घ्यावा. त्याची टवाळी करण्याचे कारण नाही.

रोग कोठे आहे?

खरा वाद येथून सुरू होतो. लंडनमधील सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब आदी परिचित कारणांनी या तफावतीचा थोडाच भाग उलगडला. पुढे १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केले की, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात व हृदयविकाराने मृत्युमुखी पडली. मनाच्या दुबळेपणाने मेलेल्यांची ही संख्या नव्हे. कामाच्या तासांनी घेतलेले हे बळी आहेत.

मालकवर्गाने यावर काढलेला तोडगा सर्वपरिचित आहे. कर्मचारी वाढवायचे नाहीत, लक्ष्य कमी करायचे नाही, कंत्राटी पद्धत सोडायची नाही. मात्र ध्यानशिबिर भरवायचे आणि त्याला कल्याणयोजना म्हणायचे! ब्रिटनमधील २३३ आस्थापनांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर आधारलेला ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकाचा लेख २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यान, ताणनियोजन अशा उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी भाग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आढळले नाहीत. अशी पाहणी अंतिम शब्द नसते. परंतु कामाची परिस्थिती न बदलता कामगाराला बदलू पाहणाऱ्यांना ती निरुत्तर करते.

आपल्या देशात तर दोन्ही हातांचे काम एकाच वेळी चालू आहे. एका हाताने जपमाळ पुढे केली जाते, दुसऱ्या हाताने घड्याळाचे काटे पुढे ढकलले जातात. उद्योगपती नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे! ज्याची नोकरीच मालकाच्या मर्जीवर टिकून आहे, त्याच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो?

विश्रांती कोणी मिळवली?

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. साप्ताहिक सुट्टी पदरात पडली ती १० जून १८९० रोजी, सहा वर्षांनी. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने बारा तासांच्या कामाची वाट मोकळी करणारे विधेयक संमत केले, तेव्हा कामगार संघटना आणि डावे पक्ष विरोधात उभे ठाकले. १ मे रोजी मुख्यमंत्र्यांना ते मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. या दोन्ही वेळी कामगाराच्या शरीराला मिळालेला विसावा कोणत्याही मंत्राने मिळवून दिलेला नाही.

म्हणून कारखान्यात वा कचेरीत ध्यानशिबिराची घोषणा झाली, तर कार्यकर्त्यांनी त्यावर बहिष्कार घालून आपल्याच सहकाऱ्यांना दुखवण्याची गरज नाही. शिबिराचा वेळ कामाच्या तासांत धरला जाणार काय, आठ तासांनंतर घरी जाता येणार काय, रिकाम्या जागा भरल्या जाणार काय, हे प्रश्न त्यांनी त्याच सभेत उभे करावेत. डोळे मिटून पंधरा मिनिटे बसावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती पंधरा मिनिटे आणि उरलेले सोळा तास कोणाच्या मालकीचे, हे मात्र संघटित कामगारवर्गानेच ठरवावयाचे आहे, आणि ते उघड्या डोळ्यांनी!