जोडाला नंबर, माणसाला नाही

'ऑफशोअर' हा शब्द आपल्या हॉस्टेलमध्ये एका खास सुरात उच्चारला जातो. थर्ड इयर संपत आलं की कुणाच्या तरी आत्येभावाचा मित्र समुद्रात नोकरीला निघतोच. त्याला पंधरा दिवस काम आणि पंधरा दिवस सुट्टी असते, जायला-यायला हेलिकॉप्टर असतं, आणि पगाराचा आकडा तर सांगणाऱ्यागणिक वाढतो. मेसमधली आमटी गार होईपर्यंत ही चर्चा चालते. त्या चर्चेत ड्रिलिंग इंजिनिअर असतो, रिझर्व्हायर इंजिनिअर असतो. वेल्डर मात्र कधीच नसतो. वेल्डर म्हणजे फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपला चिकटलेला रॉड सोडवून देणारे मामा, इतकीच आपली ओळख.

माझं म्हणणं सरळ आहे. समुद्रातलं तेल ज्या पोलादावर उभं आहे ते वेल्डरच्या हातावर उभं आहे. त्याने घातलेला जोड आपण इंजिनिअर लोक भिंगाखाली घालतो, एक्स-रे काढतो, नोंदवहीत चढवतो. तो माणूस रात्री कुठे झोपतो, वादळ आलं तर त्याला कोण परत आणणार, हे मात्र तितक्या काळजीने कुणी तपासत नाही.

थोडी पार्श्वभूमी. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'मुंबई हाय' आहे. 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगने १९७४ मध्ये तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. रिग आणि प्लॅटफॉर्म यात आपण गल्लत करतो. रिग विहीर खोदते आणि पुढच्या जागी जाते. प्लॅटफॉर्म तिथेच पाय रोवून उभा राहतो, तेल-वायू वर घेतो, वेगळे करतो, पाइपलाइनने किनाऱ्याकडे पाठवतो. वेल्डर दोन्हीकडे लागतो, पण काम वेगळं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. जळोचीला, म्हणजे आता बारामती नगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या जळोचीला, एक फॅब्रिकेशनचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, गोठ्याची कैची, ग्रिल, गेट अशी कामं चालतात. मिनी प्रोजेक्टची फ्रेम करून घ्यायला आम्ही तिथे जायचो. शेडचे मालक पन्नाशीतले, आय.टी.आय. झालेले. नाव छापू नको म्हणाले, म्हणून नुसतं 'काका' म्हणते. ते आधी काही वर्षं रिगवर होते, नंतर प्लॅटफॉर्मच्या कामांवर. त्यांचं वर्ष मोठं मजेशीर असायचं. पावसाळा संपला की समुद्रावरची कामं निघतात, म्हणून दिवाळीच्या आसपास ते मुंबईला जात. मे महिन्यात समुद्र खवळायच्या आत परत. आणि पावसाळ्यात साखर कारखान्यांची गाळपं बंद असतात, तेव्हा बॉयलरच्या ट्यूबांची दुरुस्ती असतेच. "वरचा पाऊस आम्हाला कधी उपाशी ठेवत नाही," असं ते म्हणतात.

रिगवर एका पाळीला वेल्डर एखाददुसराच. पाळी बारा तासांची. सकाळी सहाच्या आधी नाष्टा, मग सगळ्यांची उभ्या उभ्या बैठक: आज काय उचलायचं, कुठे कोण असणार, काय पेटू शकतं. त्यानंतर परमिट. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'हॉट वर्क परमिट'ला मराठी शब्द काय, हे मी फार उत्सुकतेने विचारलं. काका म्हणाले, "परमिट.") जिथे खाली वायू आहे तिथे ठिणगी पाडायची तर आधी गॅस मोजायचा, जवळचे नाले-झाकणं झाकायची, आग न लागणारी चादर अंथरायची, पाण्याची नळी भरून ठेवायची आणि एक माणूस फक्त आगीकडे बघायला उभा करायचा. हा माणूस दुसरं काहीही करत नाही. काम संपल्यावरही तो काही वेळ तिथेच थांबतो, कारण ठिणगी कुठे दडून बसेल सांगता येत नाही. इतकं सगळं कधी कधी दोन इंचाच्या एका जोडासाठी! काका सांगतात, अर्धा दिवस कागदात जायचा, आणि नव्या पोरांना त्याचाच राग यायचा.

काम तरी कसलं? खाऱ्या हवेने कठडे आणि जाळ्या खाल्लेल्या असतात, त्या बदलायच्या. मड टँकची गळती बंद करायची. क्रेनचा हुक अडकवायला पॅड-आय लावायचे, ज्यांच्यावर मग टनांनी वजन लटकणार. विहिरीत केसिंग बसलं की ते नेमक्या उंचीला कापून वरचा भाग बसवण्याजोगा करून द्यायचा. तेव्हा सगळी रिग थांबलेली असते. रिगचं भाडं दिवसावर असतं आणि त्याचा आकडा ऐकून आपले डोळे फिरतील. सगळ्यांची नजर एका कटिंग टॉर्चवर! "पाठीला डोळे टोचायचे," असं काका म्हणाले.

प्लॅटफॉर्मवर पाइपचं काम जास्त. त्याची परीक्षा म्हणजे '६जी'. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका पक्का बांधतात. तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. खाली वाकून, आडवं होऊन, डोक्यावर हात धरून एकच जोड पुरा करायचा. पहिला थर 'रूट'. दोन तोंडांमध्ये जेमतेम तीन मिलिमीटरची फट, तिच्यात वितळत्या धातूचं एक बारीक भोक सतत समोर जिवंत ठेवायचं आणि त्याच्या मागे मागे भरत जायचं. भोक मोठं झालं तर धातू आत गळतो, बुजलं तर आतली कड जुळत नाही. हे सगळं काळ्या काचेतून, हाताच्या अंदाजाने. मग हॉट पास, भरणी, शेवटी कॅप. लो हायड्रोजन रॉड भट्टीत तीनशेच्या वर अंशांना भाजून घ्यायचे आणि कामाच्या जागी गरम डब्यात ठेवायचे, कारण रॉडला ओल लागली की तिच्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडकतो. समुद्रावर ओल नाही अशी जागा कुठली? आणि वाऱ्याने आर्कभोवतीचं वायूचं कवच उडतं, म्हणून आधी ताडपत्रीची खोली बांधायची आणि मग त्या खोलीत स्वतःच भाजून निघायचं.

डोळ्यांबद्दलही सांगायला हवं. आर्क उघड्या डोळ्यांना लागली की रात्री पापणीखाली वाळू घातल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं, हा उपाय जळोचीतही चालतो आणि समुद्रातही चालायचा. धुराचं गांभीर्य अजून वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात नक्की कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. आपल्या वर्कशॉपमधला एक्झॉस्ट फॅन शेवटचा कधी फिरला होता, हे वाचकांनीच आठवावं.

आता तपासणी. प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. जोड पुरा झाला की शेजारी तो नंबर लिहायचा. नोंदीत पाइपचा हीट नंबर, रॉडची बॅच, तारीख, वेल्डरचा नंबर. मग रेडिओग्राफी. फिल्मवर काळा ठिपका किंवा रेघ दिसली की जोड कापून पुन्हा. दहा वर्षांनी तो जोड गळला तरी कुणी घातला होता हे कागदावरून काढता येतं. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. आणि ती उगाच आलेली नाही. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा नॉर्वेचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. त्यावर २१२ माणसं होती, १२३ गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका ब्रेसवर. पाण्यातला आवाज ऐकणारं एक छोटं उपकरण बसवायला तिथे एक तुकडा जोडला होता, सहा मिलिमीटरच्या फिलेट वेल्डने. प्लॅटफॉर्मचं वजन पेलण्याशी त्या तुकड्याचा काही संबंध नव्हता, म्हणून त्याचं कुणाला फारसं महत्त्व वाटलं नाही. तिथून तडा सुरू झाला, ब्रेस तुटला, आणि एक पाय निखळला.

पण किलँडची दुसरी बाजू आपल्या पुस्तकात नसते. त्या वेळी तो प्लॅटफॉर्म तेल काढत नव्हता. ती कामगारांची राहण्याची जागा होती.

राहण्याची जागा! इथेच माझा मुद्दा आहे. मुंबई हायवर दुरुस्ती-बांधणीच्या हंगामात कंत्राटी कामगार बार्जवर राहतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात असाच एक बार्ज, पी-३०५, बुडाला. त्यावर २६१ माणसं होती: वेल्डर, फिटर, रिगर, पेंटर, स्वयंपाकी. बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. तो नांगरांवर उभा होता. नांगर सुटले, बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला, बुडाला भोक पडलं. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवलं. ७५ जण गेले. 'वरप्रदा' या टगवरच्या १३ पैकी ११ गेले. एकूण ८६. काही मृतदेह रायगडच्या आणि वलसाडच्या किनाऱ्याला लागले, आणि कित्येकांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली.

ज्याच्या प्रत्येक जोडाशेजारी नंबर लिहिलेला असतो, त्या माणसाची ओळख डीएनएने! मी हे वाक्य लिहिते तेव्हा माझा हात थांबतो.

हवामान खात्याचे इशारे आधीच्या दिवसांपासून होते. बार्ज सुरक्षित जागी न्यायचा की तिथेच ठेवायचा, हा निर्णय कुणाचा, यावर नंतर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. वाचलेल्यांनी सांगितलं की काही लाइफ राफ्ट फाटलेले निघाले. मला इथे कुणाला दोषी ठरवायचं नाही, तो अधिकार माझा नाही. पण रॉडच्या भट्टीचं तापमान रोज लिहितात, त्या शिस्तीने राफ्टही बघत असते तर? समुद्रातल्या तेलाच्या कामासाठी आपल्याकडे २००८ चे सुरक्षा नियम आहेत, जहाजांसाठी नौवहन महासंचालनालय आहे. बार्ज म्हणजे काय? कामाच्या ठिकाणी उभं असलेलं वसतिगृह, पण कागदावर जहाज. दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत माणूस पडतो, आणि ही फट रूटच्या फटीसारखी कुणी भरत नाही.

यावर हॉस्टेलचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: "धोका आहे म्हणूनच तर जास्त पैसे मिळतात." हे मला पटत नाही. धोक्याचे पैसे उंचीचे असावेत, आर्कचे असावेत, खाऱ्या वाऱ्याचे असावेत. फाटक्या राफ्टचे पैसे असूच शकत नाहीत, कारण ते कुणी पगारपत्रकात लिहीत नाही. दुसरं, कामगारानेच नाही म्हणावं, असंही कुणी म्हणतं. काकांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "अगं, जमिनीवर नाही म्हटलं तर गेटाबाहेर जाता येतं. तिथं नाही म्हणून कुठं जायचं? पोहत?" पोहायला ते नीरा डाव्या कालव्यात शिकले होते. समुद्रावर पाठवण्याआधी जे प्रशिक्षण झालं, त्यात लाइफ जॅकेट घालून उडी मारायला शिकवलं. उडी कधी मारायची ते कप्तान सांगेल, असं सांगितलं होतं.

जबाबदारी म्हणाल तर ती फिरून आपल्यावरच येते. परमिटवर खाली सही कोण करणार? आपण. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, 'मुंबई हाय नॉर्थ'वर आपल्यावरच्या जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलेलं जहाज रायझरला धडकलं आणि २२ जण गेले, तेव्हाही रायझर कुठून न्यायचे हे कधीतरी कुठल्या तरी इंजिनिअरने कागदावर आखलेलंच होतं. वेल्डिंगच्या पेपरात आम्हाला आर्कची वैशिष्ट्यं लिहायला येतात, आकृतीला गुण मिळतात. हॉट वर्क परमिटचा एक फॉर्म कसा भरतात, तो कोण नाकारू शकतो, हे कुठल्याच युनिटमध्ये नाही.

म्हणून वर्कशॉपसाठी एक अर्ज केला आहे. दोन मागण्या. एक, एका टर्मला प्रत्येक बॅचने एक पाइप जोड ६जीमध्ये घालावा, कितीही वेडावाकडा आला तरी, आणि तो कापून आतून बघावा. दोन, त्या जोडाआधी पूर्ण परमिट भरावं, आगीकडे बघणारा माणूस बॅचमधलाच असावा आणि त्याला काम थांबवायचा हक्क असावा, सर समोर असले तरी. जळोचीचे काका एक दिवस येऊन दाखवायला तयार आहेत, फक्त उसाचा हंगाम सोडून. अर्ज मुलींच्या हॉस्टेलच्या मेसबाहेर लावलाय. काल रात्रीपर्यंत एकोणीस सह्या होत्या, त्यातल्या दोन वर्कशॉपच्या मामांच्या.