बिल वाऱ्याच्या नावे

वीजबिल आले, की आमच्या मुलुंडच्या इमारतीत जिन्यावरच परिसंवाद भरतो. परवा एक गृहस्थ म्हणाले, "शिडाच्या होडीवाल्यांचे बरे! वारा फुकट आणि बिलाची कटकट नाही."

वारा फुकट हे खरे. पण वीज त्यांनाही लागते. गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटेच निघाले आणि चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०१० मध्ये परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. आता एकट्या माणसाने डोळा मिटायचा, तर सुकाणू कोणी धरायचे? अशा सफरींत ते काम बहुधा विजेवर चालणारे यंत्र करते. वीज गेली की झोप गेली!

मग ही वीज आणायची कुठून? डिझेल संपते. दक्षिण महासागरात आभाळ दिवसचे दिवस झाकोळलेले, तेव्हा सौरपट्ट्या रुसतात. पवनचक्कीची तर निराळीच तऱ्हा. वारा पाठीमागून आला, की होडी त्याच्याच दिशेने पळते आणि चक्कीला तो मंदच भासतो. पाण्याला मात्र होडी भरधाव कापत असते. म्हणून होडीच्या मागे पाण्यात एक वीतभर व्यासाचा पंखा सोडतात. खोपोलीला पाणी डोंगरावरून चक्रावर धावून येते. इथे चक्रच पाण्यावर धावून जाते, एवढाच फरक.

वेग ५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर असला, तर असा पंखा साधारण १०० वॅट देतो. दिवसाकाठी अडीच युनिट झाली की! वेग दुप्पट झाला, तर पाण्यातली ताकद आठपट होते. उलट वारा पडला, की पंखाही स्वस्थ बसतो.

आमच्या वर्गातला एखादा चलाख विद्यार्थी लगेच विचारील, "सर, त्याच विजेवर मोटर लावून होडी आणखी पळवली तर?" नाही रे बाबा! पंखा पाण्याला अडतो, होडीला मागे ओढतो. प्रॉव्हिडंट फंडासारखी ही कपात हातात पगार पडण्यापूर्वीच होते, फक्त ती वेगातून. म्हणून तर बॅटरी भरली, की जाणता खलाशी पंखा वर उचलून घेतो.

आमच्या गृहस्थांना मग नवी कल्पना सुचली : वर्सोव्याच्या मच्छीमारांनी हा पंखा का लावू नये? पण तिथल्या होड्या आता इंजिनावर चालतात. पंखा ओढायला जादा डिझेल जाळायचे आणि त्यातली थोडीशीच ताकद वीज म्हणून परत घ्यायची, हा कुठला व्यवहार? शिवाय खाडीत पंखा सोडलाच, तर विजेआधी त्याला प्लास्टिकच्या पिशव्या लागतील.