‘पाई गई’, पण कोणास?

सरकारी अहवाल हा साहित्याचा विषय होऊच शकत नाही, असे मत आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी मंडळाच्या बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले आणि उपस्थितांनी माना डोलावल्या. आम्ही गप्प राहिलो. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत उभी हयात काढल्यावर बैठकीत गप्प बसण्याची सवय जडतेच. परंतु घरी आल्यावर ते मत आम्हांस सलू लागले. ते निखालस चुकीचे आहे, आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते ते आपल्या बैठकांना कधी येत नाहीत.

समाजकार्यातील गृहभेटीचा अहवाल घ्या. त्याचा वाचक कवितेच्या वाचकासारखा पान उलटून मोकळा होत नाही. तो निकाल देतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीपुढे आले, की २०१५ च्या किशोर न्याय अधिनियमानुसार पंधरा दिवसांत सामाजिक चौकशी पूर्ण व्हावी लागते. समितीच्या सदस्यांनी ते घर बहुधा पाहिलेले नसते. लिहिणाऱ्याने दाखविले तेवढेच घर त्यांना दिसते. मूल आईकडे जाणार की बालगृहात, हे पुष्कळदा त्या दोन-तीन पानांवर ठरते. एवढे वजन आपल्याकडील किती कादंबऱ्यांच्या वाट्याला आले आहे?

आणि ही पाने लिहिली जातात कशी? आमच्या टेबलावरून असे शेकडो अहवाल गेले. ‘पारिवारिक स्थिति संतोषजनक पाई गई.’ ‘वातावरण अनुपयुक्त प्रतीत होता है.’ वरचे नाव खोडले तर कोणता कागद कोणत्या घराचा, हे खुद्द लिहिणाऱ्यासही सांगता येऊ नये! संतोषजनक म्हणजे घरात धान्य होते, की साहेबांना चहा मिळाला? ‘पाई गई’ ती कोणास? किती वाजता? दार कोणी उघडले? हिंदीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यात उत्तम सरळ गद्य लिहिता येते, आणि महाराष्ट्रातील कचेऱ्यांत ‘दिसून येते’ व ‘निदर्शनास आले’ ही त्याच कुळातील भावंडे सुखाने नांदत आहेतच. दोष आहे तो कर्ता लपविणाऱ्या वाक्याचा. कर्ता लपला, की जबाबदारीही त्याच्यामागे जाऊन दडते.

हे आम्ही सोवळे नेसून बोलत नाही. १९८६ चा जुना किशोर न्याय कायदा चालू होता तेव्हाची गोष्ट. स्टेशनवर सापडलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाच्या घरी, इंदूरच्या एका मिलच्या वस्तीत, आम्ही भेटीस गेलो. खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, बाई रात्र-रात्र बाहेर असते. आम्ही कचेरीत परतलो आणि लिहिले, ‘माता का आचरण संदिग्ध; पारिवारिक वातावरण अनुपयुक्त.’ अक्षर सुरेख होते. आजोबांनी लहानपणी कित्ता गिरवून घेतला होता ना! मुलगा चौदा महिने किशोरगृहात राहिला.

पुढे बदलून आलेल्या एका तरुण परिवीक्षा अधिकारी बाईंनी त्या घरी पुन्हा भेट दिली, सकाळी सात वाजता. त्यांचा अहवाल आम्हांस अजून जवळजवळ पाठ आहे. आई लग्नसराईत हलवायाकडे रात्री पुऱ्या लाटावयास जाते. हलवायास विचारून खात्री केली. त्या रात्री मूल मावशीकडे झोपत असे. मावशीचे घर चार दारे सोडून आहे, ते पाहिले. मुलाचे दप्तर खुंटीवर टांगलेले आहे. शेजारणीशी नळावरून भांडण आहे, असे दोघीही सांगतात. सबंध कागदावर विशेषण म्हणून एकही नव्हते. मुलगा त्याच महिन्यात घरी गेला.

त्याला नेण्यास आई आली, तेव्हा तिने आम्हांस एवढेच विचारले, “साहेब, तुम्ही आला होता म्हणे आमच्या घरी?”

तो ‘म्हणे’ आम्ही विसरलो नाही. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगणारा असा नेमका शब्द आपल्या भाषेत आहे. चुलीपाशी बसलेली आजीही तो चुकवीत नाही. ‘बाई रात्री नसते म्हणे’ एवढे जरी आमच्या अहवालात उतरले असते, तरी बोर्डातील कोणीतरी विचारले असते, कोण म्हणे? घरी आम्ही ‘म्हणे’ बोलत होतो आणि कचेरीत ‘पाया गया’ लिहीत होतो. पाहिले ते, ऐकले ते आणि आपणांस वाटले ते, यांची गल्लत होऊ न देणे एवढाच या लेखनाचा धर्म. आणि जे पाहता आले नाही, तेही लिहावे. ‘कुलूप होते, आत पाहिले नाही’ हे वाक्य लिहिण्यास आमची लेखणी का कचरली, याचे उत्तर आमच्यापाशी एकच आहे: फेरी फुकट गेली असे वरिष्ठांस वाटले असते.

कामाचा बोजा फार, वेळ कोठून आणावा, असे सेवेतील मंडळी म्हणतील. बोजा खरा आहे, तो आम्ही वाहिला आहे. परंतु ‘घरी तांदूळ होता, मुलीची वही आजच्या तारखेपर्यंत लिहिलेली होती’ हे लिहिण्यास ‘आर्थिक एवं शैक्षणिक स्थिति सामान्य पाई गई’ याहून किती शाई अधिक लागते? आता छापील नमुना आहे, रकाने भरले की झाले, असेही सांगण्यात येते. रकान्यातही वाक्यच लिहावे लागते, आणि खोटे वाक्य रकान्यात अधिकच खरे दिसते.

आपल्या मंडळाच्या वार्षिक निबंध स्पर्धेत ‘ऋतुराज वसंत’ कितीदा येऊन गेला, याची गणती चिटणिसांनीच करावी. यंदा एक विषय आमच्या आग्रहास्तव ठेवावा: ‘मी पाहिलेले एक घर’. शब्दमर्यादा दोनशे, विशेषणास मनाई, ऐकीव मजकुरास ‘म्हणे’ सक्तीचे. घरोघरच्या सुना-मुली आता समाजकार्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांनी अवश्य लिहावे. परीक्षक म्हणून बसण्यास आम्ही तयार आहोत, आणि आमच्या त्या विद्वान स्नेह्यांनी पहिला निबंध द्यावा.