मोत्याला पाण्यावर नेताना



वैशाखात दुपारी म्हशी तळ्यावर नेल्या की पाठोपाठ घरचा कुत्राही येतो. म्हशी डुंबत असतात आणि हा काठावर जीभ बाहेर काढून धापा टाकीत बसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो धापा टाकूनच घालवितो. तेव्हा त्यालाही एखादी डुबकी मिळाली, तर बरेच वाटेल. अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवराचा एक किनाराच कुत्र्यांसाठी राखलेला आहे, आणि तेथे लसी टोचल्याचा बिल्ला गळ्यात असावा लागतो! आपल्याकडे पाटी नाही की बिल्ला नाही. म्हणून काठ आपणच पारखून घ्यावयाचा.

पारख एकच. कुत्रा पाण्यात कोठून उतरेल हे पाहू नका, तो बाहेर कोठून येईल ते पाहा.

हे मी अनुभवाने सांगतो, आणि त्यात चूक माझी आहे. एका बागाइतदाराचे शेततळे मीच आखून दिले. उतार मोजला, पाचशे मायक्रॉनचा कागद अंथरून घेतला, पाणी भरल्यावर कौतुकही केले. वर चढायची सोय मात्र सांगायची राहिली. उन्हाळ्यात त्यांचा मोत्या पाणी प्यायला उतरला. ओल्या प्लॅस्टिकवर नखे रुतत नाहीत. सकाळी तो पाण्यावर तरंगताना दिसला. घरधनी म्हणाले, "साहेब, रात्री आवाज येत होता. वाटलं, कोल्ह्यावर भुंकतोय." त्या घरात दोन लहान मुले होती, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून शेततळ्यात कुत्र्याला पोहायला कधीच सोडू नये. तळ्याला कुंपण घालावेच. शिवाय जुने टायर दोराने एकाखाली एक बांधून चारही बाजूंनी पाण्यात सोडावेत आणि वरचे टोक काठाबाहेर मेखेला आवळावे. जनावराला पाय टेकायला जागा होते. माणसासाठी गाठी मारलेला दोर निराळा बांधावा.

न्यायचेच तर गावच्या पाझर तलावावर न्या. बहात्तरच्या दुष्काळात खणलेले असे तलाव पुष्कळ गावांत आहेत. जेथे मुरमाचा पसरट उतार असेल, ती बाजू निवडा. पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला गाळ वरून तडकलेला दिसतो, पण आत दलदल असते. त्यात म्हैससुद्धा फसते.

पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली तर तसेच माघारी फिरा. आपल्या शेतातले खत वाहून साचलेल्या पाण्यात उतरते, ऊन तापते, आणि हे नील-हरित शेवाळ माजते. त्यातले काही प्रकार विषारी असतात. कुत्रा पाणी पितो, वर अंग चाटतो, आणि काही तासांत दगावू शकतो. त्यावर उतारा नाही. ते पाणी गुरांनाही पाजू नये. फवारणीचे पंप जेथे धुतले जातात, ती जागाही टाळावी. (पंप तळ्यात धुऊच नयेत, हे किती वेळा लिहिले!)

साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात. ते कुत्र्याला बाधतात, तसे पायाला जखम असलेल्या माणसालाही. म्हणून प्यायला घरचे पाणी न्यावे. पिसाळण्यावरची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी. लेप्टोच्या लशीबद्दलही डॉक्टरांना त्याच वेळी विचारावे.

उन्हाळ्यात टिटवी काठच्या उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर कुत्र्याला दोरी लावून पलीकडे न्यावे.

घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने अंग धुवावे. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड चाचपावी. हे काम मुलांना आवडते. ती मोठ्यांपेक्षा नीट करतात.

त्या शेततळ्यात आता टायर सोडलेले आहेत. नवा कुत्रा आणला आहे, त्याचेही नाव मोत्याच.